प्रश्नावली कोणाची?

जून १९७६. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वेलस्ली या मुलींच्या नामांकित कॉलेजात ‘स्त्रिया आणि विकास’ या विषयावर मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. आफ्रिका, आशिया, अरब देश, लॅटिन अमेरिका अशा सगळीकडून अभ्यासक स्त्रियांना आवर्जून बोलावलं होतं. इजिप्तच्या डॉक्टर आणि लेखिका नवाल अल सादावी आल्या होत्या, मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी आल्या होत्या, नायजेरियातल्या इबादान विद्यापीठाच्या इतिहासकार बोलान्ले आवे आल्या होत्या. या कोणी नवख्या नव्हत्या. स्त्रियांच्या लैंगिकतेविषयी उघडपणे लिहिल्याबद्दल सादावींना १९७२ मध्ये आरोग्य खात्यातलं पद गमवावं लागलं होतं. योरुबा समाजात स्त्रियांच्या वतीनं दरबारात बोलणारी ‘इयालोदे’ ही पदाधिकारी स्त्री कोण असायची, तिच्या हातात काय सत्ता असायची, याचा इतिहास आवे धुंडाळत होत्या.

परिषद सुरू झाली आणि या पाहुण्यांना एक गोष्ट खुपू लागली. कार्यक्रम आखला होता अमेरिकी विदुषींनी, निबंधांची निवड त्यांनीच केली होती आणि निबंध वाचणाऱ्यांतही त्याच पुष्कळ होत्या. ज्यांच्या देशांतल्या बायकांविषयी हे सगळं चाललं होतं, त्यांनी बसून ऐकायचं होतं. सादावी, मर्निसी आणि थायलंडच्या मल्लिका वज्रथॉन यांनी १९७८ मध्ये ‘क्वेस्ट’ या अमेरिकेतल्याच स्त्रीवादी नियतकालिकात या परिषदेची कठोर झाडाझडती घेतली. हा मानापमानाचा वाद नव्हता. गरीब देशांतल्या बायकांच्या हालअपेष्टांचं मूळ त्यांच्या घरात, धर्मात, रूढींत शोधायचं आणि जगाच्या बाजारात कोणाच्या मालाला काय भाव मिळतो, परदेशी कंपन्या त्यांच्या मुलखात काय करतात, हे विषय आले की ते ‘राजकारण’ म्हणून बाजूला ठेवायचे, या रीतीला त्यांची हरकत होती. यजमानांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. पण हेतू चांगला असूनही प्रश्न चुकीचा विचारला जातो तेव्हा त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते.

ती कोणाला मोजावी लागते, हे केनियाच्या अचोला पाला यांनी सांगितलं. परिषदेतल्या निबंधांवर आधारलेला ‘साइन्स’ या नियतकालिकाचा विशेषांक १९७७ च्या शरद ऋतूत निघाला, त्यात त्यांचा एक छोटा लेख आहे. पाला मानववंशशास्त्रज्ञ होत्या आणि केनियातल्या लुओ समाजातल्या शेतकरी स्त्रियांचा त्यांनी अभ्यास केला होता. त्या लिहितात ते थोडक्यात असं : गावात बायका दवाखाना मागत असतात, तान्ही मुलं दगावतात म्हणून आक्रोश करत असतात आणि त्याच वेळी शहरातून आलेला संशोधक त्यांच्यापुढे कुटुंबनियोजनाची छापील प्रश्नावली धरतो. परदेशात कुठेतरी पैसा कुटुंबनियोजनासाठी मंजूर झालेला असतो, म्हणून प्रश्नही त्याचेच. बाईनं उत्तर दिलं की ते तक्त्यात जातं. तिनं न विचारता सांगितलेलं मात्र कुठेच जात नाही, कारण कागदावर त्याला रकानाच नसतो. पुढे हे तक्ते परदेशी विद्यापीठात पोहोचतात, त्यांतून एक सिद्धांत तयार होतो आणि तोच सिद्धांत पाठ्यपुस्तक होऊन नैरोबीला परत येतो. तिथल्या विद्यार्थिनींनी तो परीक्षेसाठी वाचायचा असतो.

बेनिन देशाचे तत्त्वज्ञ पॉलिन हुंटोंजी यांनी ज्ञानाच्या या व्यवहाराची तुलना वसाहतींच्या व्यापाराशी केली आहे. कच्चा माल वसाहतीत गोळा करायचा, प्रक्रिया महानगरात करायची आणि पक्का माल पुन्हा वसाहतीत विकायचा. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मँचेस्टरला गेला आणि कापड होऊन आपल्याच बाजारात आला, ही गोष्ट शाळेत शिकलेल्या मराठी वाचकाला यापेक्षा जास्त समजावून सांगायला नको.

वेलस्लीतल्या त्या नाराजीमागे काही वर्षांचा इतिहास होता. डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० मध्ये आर्थिक विकासातल्या स्त्रियांच्या भूमिकेवर पुस्तक लिहिलं आणि विकासाच्या योजनांनी शेतकरी बाईला मागे टाकलं हे जगापुढे ठेवलं. ते मोलाचं पुस्तक आहे, त्यानं एक दार उघडलं. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांनी १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केलं आणि मेक्सिको सिटीत पहिली जागतिक महिला परिषद झाली. सरकारी परिषदेच्या जोडीला स्वयंसेवी संस्थांची एक खुली सभा भरली होती. बोलिव्हियातल्या ‘सिग्लो वेंते’ कथलाच्या खाणीतल्या कामगाराची बायको डोमितिला बार्रिओस दे चुंगारा तिथे आली होती. खाणकामगारांचे पगार, तुरुंग, गोळीबार यांविषयी ती बोलू लागली तेव्हा मेक्सिकोच्या शिष्टमंडळातल्या एका बाईंनी तिला सुचवलं की थोडा वेळ ते सगळं विसरू या, आपण दोघी बायका म्हणून बोलू या. डोमितिलानं त्यांना विचारलं, की तुम्ही रोज नवा पोशाख करून येता, केशरचना करून येता, बाहेर मोटार उभी असते. आम्ही कंपनीच्या खोलीत राहतो आणि नवरा मेला किंवा कामावरून काढला गेला तर नव्वद दिवसांत ती खोली सोडतो. मग तुमची परिस्थिती आणि माझी परिस्थिती एक आहे का? पुढे ब्राझीलच्या मोएमा व्हीझर यांनी डोमितिलाचं कथन टिपून घेतलं आणि १९७७ मध्ये त्याचं पुस्तक झालं. स्त्री म्हणून सगळ्या एक, या गृहीतकाला तिनं दिलेला तडा अभ्यासकांच्या शेकडो पानांपेक्षा खोल गेला.

भारतातही त्याच सुमारास एक धक्का बसला होता, आणि तो आपल्याच आकड्यांनी दिला होता. संयुक्त राष्ट्रांनी प्रत्येक देशाकडे स्त्रियांच्या स्थितीचा अहवाल मागितला म्हणून सरकारनं १९७१ मध्ये एक समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष, पुढे वीणा मजुमदार सदस्य-सचिव झाल्या. १९७४ च्या अखेरीला तयार झालेल्या ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ या अहवालात साधी जनगणनेची आकडेवारी होती : १९०१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ मध्ये ९३० उरल्या होत्या. स्वातंत्र्य मिळालं, घटनेनं समानता दिली, मताधिकार मिळाला आणि बायका मात्र कमी होत गेल्या. अहवाल लिहिणाऱ्या सुशिक्षित स्त्रियांना आपल्या पिढीनं काय पाहिलंच नाही याची जाणीव झाली. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचे सदस्य-सचिव तेव्हा जे. पी. नाईक होते, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, गारगोटीत मौनी विद्यापीठासाठी झटलेले शिक्षणतज्ज्ञ. अहवाल कपाटात पडू नये, त्यातून संशोधनाचा कार्यक्रम निघावा, यासाठी त्यांनी मजुमदार यांच्या पाठीशी उभं राहून परिषदेत स्त्रियांवरच्या संशोधनाला जागा करून दिली.

आता या संशोधनानं काय केलं, त्याचं एकच उदाहरण जरा जवळून पाहू. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात घरातल्या प्रत्येक माणसाला त्याच्या कामाप्रमाणे एक सांकेतिक क्रमांक दिला जातो. त्यात ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी आणि ९३ म्हणजे घरकामाबरोबर सरपण, चारा, रानभाजी गोळा करणारी, घरच्यापुरतं शिवणकाम, विणकाम करणारी. हे दोन्ही क्रमांक श्रमशक्तीच्या बाहेर. म्हणजे पहाटे पाण्याला गेलेली, दुपारी मोळी घेऊन आलेली, संध्याकाळी जनावरांचं शेण काढून गोवऱ्या थापणारी बाई देशाच्या हिशेबात काम करत नव्हती. अर्थतज्ज्ञ देवकी जैन यांनी सत्तरच्या दशकात राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या काही गावांत वेळेचा हिशेब मांडला : कोण कधी उठतं, कोणत्या कामाला किती तास देतं. ‘घरी असते’ म्हणून नोंद झालेल्या पुष्कळ बायका प्रत्यक्षात उत्पादक काम करत होत्या असं त्यातून दिसलं. हा दोष बायकांच्या उत्तरांत नव्हता, प्रश्नाच्या रचनेत होता. काम म्हणजे काय, हा अर्थशास्त्राचा पायाभूत प्रश्न आहे, आणि तो इथे एखाद्या जगप्रसिद्ध विद्यापीठात न विचारता मोळीवाल्या बाईच्या मागे चालून विचारला गेला.

आफ्रिकेतल्या अभ्यासकांनी वेलस्लीनंतर थांबायचं नाही असं ठरवलं. डिसेंबर १९७७ मध्ये सेनेगलच्या डाकार शहरात त्या जमल्या आणि संशोधन व विकासासाठी आफ्रिकी स्त्रियांची एक स्वतंत्र संघटना उभी केली. इंग्रजीत ती ‘आवर्ड’, फ्रेंचमध्ये ‘अफार्ड’. सेनेगलच्या समाजशास्त्रज्ञ मारी-आंजेलिक सावाने अध्यक्ष झाल्या, इथिओपियाच्या झेनेबेवर्क तादेसे कार्यकारी सचिव. बसायला जागा मिळाली ती डाकारमध्येच असलेल्या ‘कोडेस्रिया’ या आफ्रिकी समाजविज्ञान संशोधन परिषदेकडे. ज्यांचे राज्यकर्ते वेगळे, ज्यांची शिक्षणाची भाषा वेगळी, अशा एकेकाळच्या इंग्रजी आणि फ्रेंच वसाहतींतल्या बायका एका टेबलाशी बसल्या हीच मोठी गोष्ट होती. तोवर नैरोबीतल्या संशोधकाला डाकारमध्ये काय लिहिलं जातंय हे लंडन-पॅरिसमार्गे कळायचं. संशोधनाचे विषय आपण ठरवू, पैसे देणारा ठरवणार नाही, ही त्यांची पहिली मागणी होती.

तिची परीक्षा लवकरच झाली. १९८० मध्ये कोपनहेगनला दुसरी जागतिक महिला परिषद भरली. पाश्चात्त्य प्रसारमाध्यमांत आणि काही स्त्रीवादी गटांत तेव्हा आफ्रिकेतल्या मुलींच्या जननेंद्रियांच्या छेदनाविषयी जोरदार मोहीम चालू होती. आवर्डनं स्वतंत्र निवेदन काढलं. प्रथा निषेधार्ह आहे याबद्दल त्यात तिळमात्र संदिग्धता नव्हती. पण ज्या सुरात ही मोहीम चालली होती, त्यात आफ्रिकी बाई रानटी समाजाची मुकी बळी म्हणून उभी केली जात होती, आणि तिची भूक, तिचं अज्ञान, तिच्या देशाची लूट यांविषयी मौन होतं, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. सादावींचं उदाहरण घ्या. त्यांनी स्वतः लहानपणी हा छळ सोसला होता आणि डॉक्टर म्हणून त्याविरुद्ध लिहून नोकरी घालवली होती. अशा बाईला या विषयावर बाहेरून येऊन कोणी शिकवू लागलं तर तिनं काय करावं? या निवेदनामुळे आवर्डच्या बायकांवर दोन्हीकडून टीका झाली, घरच्या सनातन्यांकडून आणि बाहेरच्या मैत्रिणींकडूनही. तरी त्या ठाम राहिल्या, आणि मला हा सगळ्या कहाणीतला सर्वांत धाडसाचा भाग वाटतो.

इकडे मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांनी १९७४ मध्येच स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू केलं होतं. ज्या विद्यापीठात ते सुरू झालं त्याची कुळकथाही इथे लक्षात घेण्यासारखी आहे. धोंडो केशव कर्वे यांनी जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून १९१६ मध्ये ही संस्था उभारली आणि मुलींना उच्च शिक्षण मातृभाषेतून द्यायचं ठरवलं. नमुना लंडनचा न घेता तोक्योचा घेतला गेला, तोही इंग्रजांच्या राज्यात. याच एसएनडीटीत एप्रिल १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद झाली, आणि तिच्यातून १९८२ मध्ये भारतीय स्त्री-अभ्यास संघटना उभी राहिली. स्त्री-अभ्यास म्हणजे बायकांविषयी आणखी एक विषय नव्हे, तर सगळ्याच विषयांची तपासणी करणारी दृष्टी, ही भूमिका इथे घेतली गेली. अर्थशास्त्रात श्रम, इतिहासात कागदपत्रं, कायद्यात कुटुंब, सगळं पुन्हा तपासायचं.

ऑगस्ट १९८४ मध्ये हे धागे बंगलोरला एकत्र आले. देवकी जैन यांनी बोलावलेल्या बैठकीत निरनिराळ्या खंडांतल्या अभ्यासक आणि कार्यकर्त्या होत्या. तिथून उभ्या राहिलेल्या जाळ्यात सावाने होत्या, मर्निसी होत्या, ब्राझीलच्या नेउमा अगियार, कॅरिबियन बेटांवरच्या पेगी अँट्रोबस होत्या. आफ्रिकेत दुष्काळ आणि अन्नटंचाई होती, लॅटिन अमेरिका कर्जात बुडाली होती, प्रशांत महासागरातल्या बेटांवर अणुचाचण्या आणि लष्करी तळ होते, दक्षिण आशियात दारिद्र्य हटत नव्हतं. प्रत्येकीनं आपापल्या मुलखाचं संकट मांडलं तेव्हा ही चार वेगळी दुखणी नसून एकाच अर्थव्यवस्थेची चार टोकं आहेत हे समोर आलं. ‘डॉन’ हे जाळं असं उभं राहिलं. त्यांची मांडणी गीता सेन आणि कॅरन ग्रोन यांनी पुस्तकरूपानं लिहिली आणि १९८५ मध्ये नैरोबीच्या जागतिक परिषदेत ती हातोहात फिरली. गीता सेन यांनी त्याआधीच, १९८१ मध्ये, लूर्देस बेनेरिया यांच्यासोबत बोसरप यांच्या मांडणीला उत्तर दिलं होतं : बायका विकासाच्या बाहेर राहिल्या हे दुखणं नाही, विकास त्यांना ज्या अटींवर आत घेतो ते दुखणं आहे. वेलस्लीला ऐकणाऱ्यांच्या बाजूला बसवलेल्या जगाचा हा स्वतःचा सिद्धांत होता. डॉनचं मुख्य कार्यालयही एका ठिकाणी मुद्दाम ठेवलं नाही. ते बंगलोरहून रिओला, तिथून बार्बाडोसला, पुढे फिजीला गेलं.

अडचणी मात्र सुटल्या नाहीत. बंगलोरच्या बैठकीला आणि त्या पुस्तकाला पैसा लागला तो नॉर्वे आणि फोर्ड फाउंडेशन यांच्याकडून आला. आफ्रिकेतली विद्यापीठं ऐंशीच्या दशकात कर्जाच्या अटींखाली पिचून निघाली. पगार घसरले, ग्रंथालयांत नवी नियतकालिकं येईनाशी झाली, शिक्षक देश सोडून गेले. लेख छापून यायचा तो शिकागो, न्यूयॉर्क, लंडनमध्ये. ‘थर्ड वर्ल्ड’मधल्या बाईचं एकसुरी चित्र रंगवणाऱ्या पाश्चात्त्य स्त्रीवादी लेखनाची चिकित्सा करणारा चंद्रा तळपदे मोहंती यांचा निबंध ऐंशीच्या दशकाच्या मध्यात गाजला, जगभरच्या अभ्यासक्रमांत गेला. मोहंतींचा जन्म मुंबईचा, त्यांचं काम अमेरिकेतल्या विद्यापीठात. निबंध भेदक आहे आणि त्याचं श्रेय त्यांचंच. पण अचोला पाला यांनी बरंच आधी, गावातल्या प्रश्नावलीच्या आधारानं, त्याच दिशेनं टाकलेलं पाऊल सिद्धांत म्हणून फारसं कुठे शिकवलं जात नाही. ते ‘आफ्रिकेचा अनुभव’ या कप्प्यात राहिलं. मला ही वाटणी अन्यायाची वाटते.

आणि ही वाटणी केवळ गोऱ्या देशांनीच केलेली नाही. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लिहिलं, की भारतीय समाजशास्त्रांत सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि तपशील पुरवणारे शूद्र अशी उतरंड आहे. वेलस्लीत जे डाकार-कैरोच्या वाट्याला आलं तेच दिल्ली-मुंबईच्या परिषदांमध्ये दलित स्त्रियांच्या वाट्याला आलं होतं. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी कोणा विद्यापीठाच्या आधाराविना आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायकांना शोधून काढलं, त्यांच्याशी बोलल्या, जुनी पत्रकं चाळली. १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक निघालं. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अस्पृश्य वर्गाच्या अखिल भारतीय महिला परिषदेची हकिगत त्यात आहे. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बायका जमल्या होत्या आणि त्यांनी घटस्फोटाचा कायदा मागितला, बहुपत्नीत्वाला बंदी मागितली, कामगार स्त्रियांना भरपगारी रजा मागितली, गिरण्यांमध्ये बायकांवर देखरेख करायला बायकाच नेमाव्यात असं म्हटलं. घर, जात आणि गिरणी यांचा एकत्र विचार १९४२ मध्ये, नागपुरात, ठरावांच्या भाषेत झाला होता. या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद वंदना सोनाळकर यांनी केला आणि तो २००८ मध्ये आला. बोसरपच्या पुस्तकाला जग पालथं घालायला एवढी वर्षं लागली नव्हती.

पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री-अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी ‘अनुभवा’चा हा कप्पाच मोडायला घेतला. दलित स्त्रियांची मराठी आत्मकथनं त्यांनी २००६ च्या आपल्या पुस्तकात ‘टेस्टिमोनिओ’ म्हणून वाचली. लॅटिन अमेरिकेत डोमितिलासारख्या बायकांच्या कथनांना धरून घडलेला हा साहित्यप्रकार. त्या वाचनात बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ होतं. फलटण तालुक्यातल्या निंबुऱ्यात राहणाऱ्या, किराणा दुकान चालवणाऱ्या बेबीताईंनी वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून लिहिलं. गावानं महारवाड्यावर लादलेली उपासमार आणि महारवाड्यातल्या घरात सुनेला होणारी मारहाण, दोन्ही त्यांनी एकाच हातानं लिहिली, एकीसाठी दुसरी झाकली नाही. रेगे यांचा आग्रह असा, की हे पुस्तक जात आणि लिंगभाव यांच्या संबंधाची मांडणी आहे आणि तसंच ते शिकवलं पाहिजे. आजही बहुतेक ठिकाणी ते साहित्याच्या तासाला, अनुभवाचा नमुना म्हणून येतं. सिद्धांताच्या पेपरात लागणाऱ्या पुस्तकांची यादी वेगळी असते आणि ती करणाऱ्या अभ्यासमंडळावर निंबुऱ्यासारख्या गावातून आलेली बाई क्वचितच बसलेली असते.